नाव तेच, क्रमांक तोच, पुस्तक मात्र भलतंच

नॅन्सी ड्रू आणि हार्डी बॉईज या मुलांसाठीच्या अमेरिकन गुप्तहेरकथांच्या मालिका मोठेपणी पुन्हा वाचून "यात काही दम नाही, उगाच डोक्यावर घेतलं होतं" असा निकाल देणारे लोक भेटले की डोकं फिरतं. राग त्यांच्यावर नाही, प्रकाशकांवर आहे. कारण या वाचकांच्या हातात बहुतेक वेळा मूळ पुस्तक पडलेलंच नसतं, आणि ते त्यांना कुणी सांगितलेलंही नसतं.

नॅन्सी ड्रूचं 'द सीक्रेट ऑफ दि ओल्ड क्लॉक' मागवा. वर कॅरोलिन कीन हे लेखिकेचं टोपणनाव, मालिकेत क्रमांक १. तुम्हाला वाटतं हे १९३० सालचं पुस्तक. आत असते १९५९ साली नव्याने लिहून काढलेली संहिता. मूळ पुस्तकात २५ प्रकरणं आणि दोनशेच्या वर पानं होती. नव्यात २० प्रकरणं, पानं साधारण १८०. सोळा वर्षांची नॅन्सी अठराची झाली. मूळ पुस्तक बापलेकीच्या बोलण्यातून सुरू होतं, क्रॉली म्हाताऱ्याच्या इस्टेटीचं काय होणार यावर. नव्यात पहिल्याच पानांत एक लहान मुलगी पुलावरून पडते आणि नॅन्सी धावते. कथेतल्या हॉर्नर बहिणींचं आडनावसुद्धा बदलून हूवर केलं. याला किरकोळ दुरुस्ती म्हणायचं?

आणि हे सौम्य उदाहरण झालं. हार्डी बॉईजचं 'द फ्लिकरिंग टॉर्च मिस्टरी' १९४३ सालचं एक आणि १९७१ सालचं दुसरं. नाव सोडलं तर कथानक पूर्ण वेगळं! मग एकाच नावाने का विकता?

पुनर्लेखनाची कारणं माहीत आहेत. जुन्या पुस्तकांत कृष्णवर्णीय, इटालियन, चिनी पात्रं अत्यंत ओंगळ साच्यात रंगवलेली होती, ती तशीच मुलांच्या हातात द्यावीत असं कुणी म्हणत नाही. पण त्यावर उपाय काय केला? बऱ्याच ठिकाणी ती पात्रंच पुसून टाकली. आणि त्याच निमित्ताने पाच-पाच प्रकरणं छाटली, वर्णनं गेली, वातावरण गेलं. जुन्या हार्डी बॉईजमध्ये बेपोर्ट गावचा पोलीसप्रमुख कॉलिग आणि तो गुप्तहेर स्मफ यांची हार्डी पोरं यथेच्छ फजिती करतात. नव्यात कॉलिग समंजस, सहकार्य करणारा अधिकारी होऊन बसला. मोठ्या वाचकाला ज्यात मजा वाटली असती तेच नेमकं काढलं.

या सगळ्यात सर्वांत जास्त अन्याय कीन या नावाआड लिहिणाऱ्या मिल्ड्रेड वर्ट बेन्सनवर झाला. पहिल्या ३० नॅन्सी ड्रूंपैकी २३ तिने लिहिल्या. या मालिका लेखकांकडून लिहवून घेणाऱ्या स्ट्रेटमेयर सिंडिकेटने सुरुवातीला पुस्तकामागे १२५ डॉलर दिले आणि सगळे हक्क लिहून घेतले. १९८० साली प्रकाशकांच्या आपसातल्या खटल्यात तिची साक्ष झाली, तेव्हा कुठे तिचं काम जगासमोर आलं. आधी नाव लपवलं, मग लिहिलेलं बदललं, आणि आज त्या बदललेल्या मजकुरावरून लोक तिची पात्रता ठरवतात. याची चीड येऊ नये तर काय?

म्हणून विकत घेण्याआधी स्वतःच तपासा, दुसरं कुणी तपासणार नाही. अनुक्रमणिका उघडा आणि प्रकरणं मोजा: 'ओल्ड क्लॉक'मध्ये २५ असतील तर मूळ, २० असतील तर सुधारित. अमेरिकन प्रतीत हक्कांच्या पानावर १९३० च्या शेजारी १९५९ दिसलं की ती नवी संहिता. पुस्तकाच्या पिवळ्या कण्यावर मात्र विसंबू नका. तो १९६० च्या दशकात आला, पण नॅन्सी ड्रूचं पुनर्लेखन १९५९ पासून जवळजवळ वीस वर्षं चालू होतं, त्यामुळे सुरुवातीच्या पिवळ्या कण्याच्या काही प्रतींत जुनीच संहिता आहे. आपल्याकडे रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत ज्या आर्माडा प्रकाशनाच्या ब्रिटिश पेपरबॅक मिळतात, त्यांचे क्रमांक अमेरिकन क्रमांकांशी जुळतच नाहीत. तिथे कण्यावरचा आकडा बघून काहीही ठरवू नका.

ऑनलाइन खरेदीत तर कहर आहे. दोन्ही संहितांचे अभिप्राय एकाच पानावर एकत्र केलेले, चित्र एका आवृत्तीचं आणि घरी येणारी प्रत दुसरीच. ग्रंथालयांच्या नोंदीत लेखिका कीन, साल १९३०, आणि कपाटात १९५९ चा मजकूर. मूळ संहिता हवीच असेल तर ॲपलवूड बुक्सने १९९१ पासून सुरुवातीच्या काही पुस्तकांच्या हुबेहूब प्रती काढल्या होत्या, त्या शोधा. पहिली तीन हार्डी बॉईज २०२३ पासून आणि पहिल्या चार नॅन्सी ड्रू २०२६ पासून अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मुक्त झाल्या आहेत. म्हणजे आता कुणीही त्या छापू शकतं, आणि गोंधळ आणखी वाढणार.

प्रकाशकांनी करायचं ते एका ओळीचं काम आहे. मुखपृष्ठावर, लेखिकेच्या नावाखाली, वाचता येईल एवढ्या टायपात छापा: १९५९ ची सुधारित संहिता. साठ वर्षांहून जास्त काळ ही एक ओळ छापायला जागा मिळत नाही!