‘गाडी हेच कुलूप’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

सप्रेम नमस्कार.

गाडीला जोडलेल्या बोट-ट्रेलरची राखण कशी करावी, या माझ्या मागच्या लेखावर आपण मिशिगनहून जी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे ती मी तीनदा वाचली. उत्तर लिहायला दोन दिवस घेतले, कारण पहिल्या संध्याकाळी जे लिहिले होते ते पाठवण्यासारखे नव्हते. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात मांडतो. ट्रेलर गाडीला जोडलेला असताना गाडी हेच त्याचे कुलूप असते, असे आपण म्हणता. धातू कापणाऱ्या बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे कोणतेही कुलूप टिकत नाही, विमा उतरवलेला असताना कुलपांवर शंभर-दीडशे डॉलर घालवणे मूर्खपणाचे आहे आणि अडचणीच्या वेळी ट्रेलर चटकन सोडवता आला पाहिजे, असेही आपले मत आहे. पिनच्या मापाबाबत माझी एक चूक आपण दाखवली आहे. आणि सर्वांत शेवटी आपण लिहिता, ‘आपल्या लोकांनी ही भीती भारतातूनच सामानात बांधून आणलेली असते.’

आधी चुकीबद्दल. ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे जी चौकोनी नळी (रिसीव्हर) असते तिची आडवी पिन 5/8 इंची असते, असे मी सरसकट लिहिले होते. ते माप 2 इंची रिसीव्हरचे आहे. लहान गाड्यांना जो सव्वा इंची रिसीव्हर असतो त्याला 1/2 इंची पिन लागते, आणि जाड पिनचे कुलूप घेऊन आलेल्या माणसाला ते भोकात जाणारच नाही. आपण म्हणता ते बरोबर आहे, मी लेखात दुरुस्ती केली आहे आणि आपले आभार मानतो. मात्र एवढी दुरुस्ती सुचवायला दोन ओळी पुरल्या असत्या. ‘ज्याला पिनचे माप ठाऊक नाही त्याने लोकांना शिकवायला बसू नये’ हे वाक्य त्या दुरुस्तीसाठी आवश्यक नव्हते. मी ह्यूस्टनच्या आसपास एकोणीस वर्षे ट्रेलर ओढतो आहे, कॉनरो आणि लिव्हिंग्स्टन या तलावांवर आणि गॅल्व्हेस्टनच्या खाडीत, आणि लेखातली प्रत्येक गोष्ट हाताने केल्यानंतरच लिहिली आहे. चूक दाखवण्याचा अधिकार आपल्याला नक्कीच आहे, पण गप्प बसवण्याचा नाही.

आता त्या भीतीच्या वाक्याबद्दल, कारण ते मला खरोखर लागले. माझे लहानपण रेवदंड्याला गेले. आमच्या घराच्या पुढच्या दाराला कडी होती आणि ती रात्री लागे. दिवसा घरात कोणी नसले तरी दार नुसते ओढून घेतलेले असे. कुंडलिकेच्या मुखाशी होड्या नांगरलेल्या असत, जाळी वाळूवर सुकत पडलेली असत आणि त्यांच्यावर कोणी पहारा करीत नसे. काका तेवढे होडीचे मशीन संध्याकाळी खांद्यावर टाकून घरी आणीत, कारण त्याचे हप्ते फिटायचे होते आणि ते गेले असते तर पुढचा हंगामच गेला असता. त्याला भीती म्हणत नाहीत. ज्या वस्तूवर घर चालते तिची ती काळजी होती. कुलपांची सवय मला रेवदंड्याने लावली नाही, ती टेक्सासमध्ये लागली, आणि कोणत्या सकाळी लागली ते पुढे सांगतो. न पाहिलेल्या माणसाविषयी, आणि त्याच्या निमित्ताने एका संपूर्ण समाजाविषयी, असे निदान करण्यापूर्वी आपण निदान एक प्रश्न तरी विचारायला हवा होता.

आपल्या प्रतिक्रियेतले खरे महत्त्वाचे वाक्य एकच आहे: ‘ट्रेलर गाडीला जोडलेला असताना गाडी हेच त्याचे कुलूप असते.’ हे वाक्य मी बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर (रॅम्पवर), मोटेलच्या आवारात आणि मित्रांच्या ड्राइव्हवेवर इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याच्यावर सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

गाडी आणि ट्रेलर यांच्यामध्ये नेमके काय असते ते पाहू. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला कपलर असतो, तो गाडीच्या बाजूच्या बॉलवर, म्हणजे लोखंडी गोळ्यावर, बसतो आणि लॅच (कपलरची खटकी) खाली दाबली की तो बॉलला धरतो. लॅचच्या भोकात बहुतेक जण एक बारीक तारेची खिट्टी घालतात. बॉल ज्यावर नटाने आवळलेला असतो तो बॉल माउंट, आणि त्याचा चौकोनी दांडा गाडीच्या रिसीव्हरमध्ये सरकवलेला असतो. दांडा आणि रिसीव्हर यांना आरपार जाणारी एक आडवी पिन असते आणि त्या पिनच्या टोकाला क्लिप असते. त्याखेरीज दोन सेफ्टी चेन, ज्यांचे आकडे नुसते अडकवलेले असतात, आणि दिव्यांची चार तारांची प्लग. या सगळ्या जोडणीत गाडीच्या दाराची किल्ली, इंजिन, अलार्म यांतले काहीही कुठेच येत नाही. गाडी बंद आहे, गिअर पार्कमध्ये आहे, हँडब्रेक ओढला आहे, या सर्वांमुळे गाडी जागेवर राहते. ट्रेलर मात्र तारेच्या एका खिट्टीवर किंवा एका क्लिपवर उभा असतो, आणि या दोन्ही वस्तू आपल्याला वाकून सहज काढता याव्यात अशाच घडवलेल्या असतात. जे मालकाला विनाहत्यार अर्ध्या मिनिटात जमते ते दुसऱ्या कोणालाही जमते.

तरीही ‘कपलरला कुलूप लावले की झाले’ असे मीही पुष्कळ वर्षे मानत होतो, आणि म्हणूनच ही हकीकत सांगतो. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघे मित्र रेडफिश मासे धरायला टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या रॉकपोर्टला गेलो होतो. माझी सतरा फुटी ॲल्युमिनियमची बोट पिकअपला जोडलेली होती. पहाटे पाचला पाण्यात उतरायचे असल्यामुळे रात्री ट्रेलर सोडला नाही. मोटेलच्या मागच्या आवारात, दिव्याखाली, गाडी आणि ट्रेलर सरळ रेषेत उभे केले. लॅचमध्ये चांगल्या प्रतीचे कुलूप होते आणि त्याची किल्ली माझ्या खिशात होती. पहाटे बाहेर आलो तेव्हा पिकअप जागच्या जागी होती, तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. मागे रिसीव्हरचे चौकोनी भोक रिकामे दिसत होते. डांबरावर पिन पडली होती आणि तिच्या शेजारी क्लिप.

घडले ते साधे होते. कपलरच्या कुलपाला चोरांनी हातही लावला नाही. त्यांनी साखळ्यांचे आकडे उचलले, प्लग ओढली, ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा जॅक खाली करून पुढचे वजन त्याच्या चाकावर घेतले, क्लिप काढून पिन ओढली आणि ट्रेलर वीतभर मागे ढकलला. बॉल माउंट दांड्यासकट बाहेर आला, माझ्या कुलपाने कपलरला घट्ट जखडलेला. तो दांडा त्यांनी आपल्या गाडीच्या रिसीव्हरमध्ये सरकवला आणि निघून गेले. या देशात 2 इंची रिसीव्हर सर्रास आढळतो, त्यामुळे माझा बॉल माउंट त्यांच्या गाडीला बसला. बोट, इंजिन, ट्रेलर आणि वर ओढून न्यायचे साधनही मीच पुरवले, तेसुद्धा कुलूपबंद करून. गाडी हेच कुलूप आहे, असे आपण म्हणता. माझी गाडी त्या सकाळी तिथेच उभी होती.

पोलिसाने बोटीच्या सांगाड्यावरचा बारा अक्षरी हल क्रमांक आणि ट्रेलरचा सतरा अक्षरी क्रमांक मागितला. पहिला घरच्या कागदांवर होता. ट्रेलरचे कागद बोटीतल्या पेटीत होते, म्हणजे तेही गेले होते. तेव्हापासून या क्रमांकांच्या दोन्ही पट्ट्यांचे फोटो मी फोनमध्ये ठेवतो आणि लेखाच्या सुरुवातीलाच ते का सांगितले होते, हे आता आपल्या ध्यानात आले असेल. ट्रेलर अकरा दिवसांनी एका शेताच्या कडेला सापडला. बोट आणि इंजिन आजतागायत मिळालेले नाही.

म्हणून लेखात मी क्रम असा दिला होता: आधी रिसीव्हरच्या पिनचे कुलूप, मग लॅचचे, मग साखळ्यांचे. आपण लिहिता, की दुकानात मिळणारे कपलरचे भरभक्कम कुलूप मी सांगितलेच नाही. त्याचे कारण लेखात होते. त्यातली बरीचशी कुलपे कपलरच्या पोकळीत बॉलच्या जागी गोळा घालून बसतात. ट्रेलर जोडलेला असताना त्या पोकळीत खरा बॉल असतो, त्यामुळे ती लावताच येत नाहीत. सुटा उभा असलेला ट्रेलर आणि जोडलेला ट्रेलर हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि माझा लेख दुसऱ्या प्रश्नावर होता. त्याच कारणाने मी उभे करण्याच्या पद्धतीवर एवढा भर दिला. ट्रेलरची चाके मागून कर्बला (फरसबंदीच्या उंच कडेला) किंवा शेपूट भिंतीला टेकलेले असेल, तर दांडा रिसीव्हरमधून बाहेर यायला लागणारी वीतभर जागाच मिळत नाही. यासाठी एक डॉलरही खर्च होत नाही. रॉकपोर्टला माझ्या मागे मोकळे आवार होते.

रॅम्पबद्दलही हेच. ‘दिवसाढवळ्या, माणसांच्या वर्दळीत कोण ट्रेलर नेतो?’ असे आपण विचारता. बोट पाण्यात गेल्यावर मागे उरतो तो रिकामा ट्रेलर, आणि ॲल्युमिनियमच्या लहान बोटीचा रिकामा ट्रेलर एकटा माणूस पुढून उचलू शकतो. रॅम्पच्या आवारात जो तो ट्रेलर जोडत किंवा सोडत असतो. तिथे वाकलेल्या माणसाकडे कोणी का पाहील? संध्याकाळी दमून काठाला आलेल्या माणसाला बोट आहे पण तिला घरी न्यायला काही नाही, हे कळते तेव्हा अंधार पडायला आलेला असतो. हे माझ्या शेजाऱ्यावर ओढवले आहे; त्या रात्री त्याची बोट मी माझ्या ट्रेलरवर आणून दिली.

ग्राइंडरबद्दल फार लिहीत नाही. ग्राइंडरने कुलूप कापले जाते, हे मला ठाऊक आहे. त्याला आवाज होतो, ठिणग्या उडतात, आणि खिडकीत दिवा लागतो. माझ्याकडे आलेल्यांना त्यातले काहीच करावे लागले नाही, मला खंत आहे ती याची.

विम्याबद्दल मात्र आपण इतरांना नुकसान होईल असा सल्ला दिला आहे, म्हणून बोलतो. पुष्कळांना वाटते की घराच्या विम्यात बोट येतेच. घरविम्याच्या प्रचलित मजकुरात बोट, तिचे इंजिन आणि ट्रेलर या सर्वांना मिळून अगदी लहान मर्यादा असते आणि घराच्या आवाराबाहेर झालेली त्यांची चोरी वगळलेली असते. मोटेल आणि रॅम्प हे आवाराबाहेरच येतात. बोटीचा वेगळा विमा असेल तर ट्रेलरचे नाव त्यात स्वतंत्रपणे लिहिलेले आहे का, तेही पाहावे लागते. हे मला चोरीनंतरच्या आठवड्यात, फोन कानाला लावून बसलेल्या अवस्थेत समजले. आपण कागद वाचून मग लिहिले असते तर बरे झाले असते.

अडचणीच्या वेळी ट्रेलर सोडवण्याचा मुद्दा मी सोडून देतो. ज्याला काळजी वाटते त्याने किल्ली गाडीच्या किल्लीसोबतच ठेवावी. खाऱ्या पाण्यात कुलपे अडकतात, हे आपले निरीक्षण खरे आहे. टेक्सास सिटी डाइक या खाडीतल्या बांधावर माझेही एक कुलूप असे अडकले आणि कापावे लागले. किल्लीच्या भोकावर रबरी टोपी असलेले कुलूप घ्यावे, रॅम्पवरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवावे आणि आत तेल न सोडता कोरडी ग्राफाइटची भुकटी सोडावी, कारण तेलाला रेती चिकटते. हे लेखात राहून गेले होते, ते आता जोडतो.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही, त्या शेवटच्या वाक्यासकट ती जशीच्या तशी राहील. आपण लिहिले आहे की आपली बोट या हंगामात पिकअपला जोडूनच ड्राइव्हवेवर उभी असते. माझी एक विनंती आहे. आज रात्री दिवा घेऊन गाडीच्या मागे जा, वाका, आणि रिसीव्हरच्या पिनच्या टोकाला काय आहे ते पाहा. ते इथेच खाली लिहा. तिथे कुलूप असेल तर मी आपली क्षमा मागेन, आणि क्लिप असेल तर आपल्या पिनचे माप तेवढे कळवा. कोणते कुलूप बसेल ते मी त्याच दिवशी सांगेन.