डबल बेल

काल लिफ्टमध्ये सेक्रेटरींनी विचारलं, "तुमचा लॅपटॉप काकांनी दुरुस्त केला म्हणे?" मी हसलो. हसलो म्हणजे दात दाखवले.

लॅपटॉप २०१२ चा. कळफलक ठणठणीत, स्क्रीन ठणठणीत. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ याला दारात उभं करत नाही. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर म्हातारा. चालतं यंत्र केवळ वयामुळे भंगारात! (मी साठीला टेकलोय. असल्या गोष्टी हल्ली अंगाला लागतात.) भाच्याने पेनड्राइव्हवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स भरून दिलं आणि फोनवर सांगितलं, "मामा, चालू करताना फक्त एफ-टू दाबा. बायोस, म्हणजे यंत्राची मूळ सेटिंग्ज, उघडेल, तिथे पेनड्राइव्ह पहिल्या नंबरवर आणा."

त्या 'फक्त'ने माझा रविवार खाल्ला.

एफ-टू दाबायचं ते कंपनीचं चित्र दिसतं तेवढ्या वेळात. चित्र येतं आणि जातं. मध्ये माणसाला शिंकही पुरी करता येत नाही. आधी दाबलं तर लवकर, नंतर दाबलं तर उशीर. फंक्शनची कळ धरून दाबलं, सोडून दाबलं, सतत टकटक केली. दर वेळी विंडोज निवांतपणे समोर हजर. बरं, कळ तरी सगळ्यांची एक असावी? कुठे एफ-टू, कुठे डिलीट, कुठे एस्केप, कुठे एफ-टेन. काही लॅपटॉपना तर बाजूला बारीक भोक असतं, त्यात टाचणी खुपसायची. आयबीएमचा पीसी आला १९८१ साली. चाळीस वर्षं उलटली, एका कळीवर एकमत नाही.

दार उघडंच होतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका पेपर परत द्यायला आले आणि माझी बोटं बघून थबकले. काका एसटीत ३४ वर्षं कंडक्टर होते.

"काय चाललंय?"

सांगितलं. चूक तिथेच झाली.

"अरे, मग हे टायमिंगचं काम आहे," असं म्हणत त्यांनी खुर्ची ओढली. "तू ड्रायव्हर. तू मागे बघायचंच नाही. मी बेल देतो. सिंगलला थांब, डबलला दाब."

माझ्याच चहाचा कप, माझाच चमचा. मी बटण दाबलं. काका स्क्रीनकडे असे बघत होते, जणू घाटातल्या वळणावर समोरून ट्रक येतोय. टण. टण टण! मी दाबलं. विंडोज.

"तू क्लच उशिरा सोडलास."

"काका, याला क्लच नसतो."

"म्हणूनच बंद पडतं."

पाचव्या फेरीला बायको बाहेर आली, कपाकडे बघून आत गेली. मधेच भाच्याचा मेसेज आला : 'शट डाउन नको, रीस्टार्ट करा.' विंडोज ८ पासून शट डाउन केलं तरी आतलं सगळं पुरतं बंद होत नाही. थोडं झोपवून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठतं. हे काकांना सांगितलं आणि पस्तावलो.

"म्हणजे शटर अर्धं खाली आणि आत गल्ला मोजणं चालू? बंद म्हणजे बंद! डेपोत असं केलं असतं तर मेमो मिळाला असता."

यावर मात्र माझं काकांशी एकमत आहे. रीस्टार्ट करूनही काही झालं नाही, ते वेगळं.

शेवटी काका उठले. "बॅटरी काढ. वायर काढ. दहा मिनिटं गाडी थंड होऊ दे." मी म्हटलं, त्याने काही होत नाही. काढली, कारण वाद घालायची ताकद उरली नव्हती. दहा मिनिटांत काकांनी मला १९९४ च्या आषाढी वारीची जादा गाडी सविस्तर ऐकवली.

बॅटरी बसवली, चालू केलं, आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं येऊन थांबली. थांबली! तारीख-वेळ लावलेली नाही. पुढे जायला एफ-वन, सेटअपसाठी एफ-टू.

खरं कारण सांगतो, ऐकणारं कोणी नाही तरी. आत घड्याळासाठी एक सेल असतो, माझ्या लॅपटॉपमध्ये सीआर-२०३२ नावाचा, नाण्याएवढा. तो कधीच मेला होता. घड्याळ मोठ्या बॅटरीवर कसंबसं तग धरून होतं. तीही काढल्यावर यंत्र सगळं विसरलं आणि गोंधळून, काय करू म्हणून विचारत उभं राहिलं. तब्येत धड असताना निमिषभर थांबत नव्हतं. सरकारी कचेऱ्यांत नेमकं याच्या उलट असतं, ते जाऊ द्या.

हे सगळं मी काकांना समजावलं. काका कपातला चमचा धूत होते. "असेल," म्हणाले, "पण थांबवली कोणी?"

एफ-टू दाबलं, बायोस उघडलं. आत माउस चालत नव्हता. बाणांच्या कळांनी पेनड्राइव्ह वर नेला. तारीख दिसत होती १ जानेवारी २०१२. ती बदलायला बोट पुढे केलं, तर काका खांद्यावरून वाकून बघत होते.

"२०१२? तेव्हा मी ड्यूटीवर होतो रे." मग जरा वेळाने म्हणाले, "राहू दे की चहा होईस्तोवर."

चहा अर्थातच माझ्याकडे.