राजम्याची चूक मान्य, बाकीचं नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचून लगेच उत्तर दिलं नाही, कारण तिच्यातला एक मुद्दा नीट तपासून मगच लिहावं असं वाटलं. कमी खर्चातला स्वयंपाक आणि विज्ञानकथा यांवरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. इंधन वाचवायची जी युक्ती मी सांगितली ती राजम्यासाठी धोक्याची आहे, हा पहिला. काटकसरीचा स्वयंपाक हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, हा दुसरा. आणि ताऱ्यांकडे निघालेली माणसं काय जेवतात याच्याशी वाचकाला घेणंदेणं नसतं, विज्ञानकथेत स्वयंपाकघर आलं की कथा रेंगाळते, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपाबद्दल आधी बोलते, कारण तिथे माझं चुकलं आहे.

मी लिहिलं होतं की भिजवलेलं कोणतंही कडधान्य उकळी आल्यावर घट्ट झाकून जाड चादरीत गुंडाळून ठेवा, ते आतल्या उष्णतेवर शिजतं. यातला 'कोणतंही' हा शब्द चूक होता. मसूर मी कित्येक महिने अशी शिजवते आहे. राजमा मात्र मी स्वतः तसा कधीच केला नव्हता. एका मिनिटभराच्या व्हिडिओत तो तसा केलेला पाहिला आणि मसुरीच्या अनुभवावर विसंबून लिहून मोकळी झाले. मिनिटात बसवलेल्या पाककृतीत नुसतं उकळत राहण्याचा वेळ कुणी दाखवत नाही. राजम्यात नेमका तोच वेळ सगळ्यात महत्त्वाचा असतो.

कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. नीट खळखळून उकळलं की ते प्रथिन निकामी होतं. पण ८० अंश सेल्सिअसच्या आसपास नुसता गरम ठेवलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रासदायक ठरू शकतो, आणि चादरीत गुंडाळलेलं भांडं निवत निवत त्याच तापमानातून जातं. म्हणून राजमा किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकून द्यायचं, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं, शक्यतो ३० मिनिटं, जोरात उकळायचा, आणि गुंडाळायचाच असेल तर त्यानंतर. कुकर असेल तर प्रश्नच मिटला, त्यात तापमान १२० अंशांच्या घरात जातं. मूळ लेखातला तो परिच्छेद आज बदलला आहे आणि बदल का केला हेही तिथेच सांगितलं आहे. कुणी माझं वाचून तसा राजमा केला असेल, या विचाराने मला खरंच अस्वस्थ वाटलं. तुम्ही लक्षात आणून दिलंत, मनापासून आभार.

युक्तीमागचा हिशोब मात्र मी मागे घेत नाही. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण ३१५ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेच पाणी उकळवून पूर्ण वाफ करायला आणखी सुमारे २,२५० किलोज्यूल, म्हणजे सातपट. उकळी आल्यावर आच मोठी ठेवली तरी पाण्याचं तापमान वाढत नाही, फक्त वाफ जास्त होते, आणि वाफेबरोबर पैसे जातात. झाकण ठेवा, आच बारीक करा. महायुद्धांच्या काळात इंधनाचा तुटवडा असताना लोक गवत भरलेल्या पेटीत उकळतं भांडं ठेवून अन्न शिजवत, त्यामागेही हेच होतं.

छंदाच्या मुद्द्यावर थोडंच लिहिते. महिनाअखेरीला डब्यात काय उरलंय ते पाहून बेत ठरवण्याचे दिवस मी काढले आहेत. तेव्हा मला हा हिशोब कुणी सांगितला असता तर हवा होता. ज्याला गरज नाही तो हौस म्हणून वाचेल, त्याने गरज असणाऱ्याचं काही कमी होत नाही.

आता विज्ञानकथा. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही.

अंतराळात माणसाला पिणं, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून दिवसाला सुमारे ३.८ लिटर पाणी लागतं. चार माणसं ९०० दिवसांच्या प्रवासाला निघाली तर साधारण १३,७०० लिटर झालं. एवढं पाणी उचलून न्यायचं म्हणजे यानाचं सगळं गणितच बदलतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर घाम, श्वासातली वाफ आणि मूत्र यांतून पाणी परत मिळवतात. २०२३ साली तिथे ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचा टप्पा गाठला गेला. त्या हिशोबाने १३,७०० लिटरपैकी जेमतेम २७५ लिटरची भर घालावी लागेल. हेच प्रमाण ९० टक्के असेल तर १,३७० लिटर. मधल्या आठ टक्क्यांवर माणसं जगतात किंवा मरतात, आणि तुम्हाला त्यात कथा दिसत नाही याचं मला नवल वाटतं.

अॅरिझोनातल्या 'बायोस्फिअर २' या बंदिस्त वास्तूत १९९१ ते १९९३ अशी दोन वर्षं आठ माणसं राहिली, बहुतेक अन्न आतच पिकवून. त्यांची वजनं उतरली, भूक हा रोजचा विषय झाला. आतल्या हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या आसपास आला. मातीतले सूक्ष्मजीव प्राणवायू वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत होते आणि तो काँक्रीटमध्ये मुरत होता, त्यामुळे वनस्पतींकडून प्राणवायूची भरपाई होईना. शेवटी बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. शेत, भिंत आणि ताट एकमेकांशी असे जोडलेले असतात. कथाकाराने ताट वगळलं तर भिंतीला काय झालं हे त्याला कळणार तरी कसं?

आणि तुमचा पहिला आक्षेपच तुमच्या तिसऱ्या आक्षेपाच्या विरोधात जातो. मंगळावरच्या वस्तीतली हवा पृथ्वीइतक्या दाबाची ठेवलीच पाहिजे असं नाही. दाब कमी आणि प्राणवायूचं प्रमाण जास्त ठेवलं तर स्पेससूट घालून बाहेर पडण्याआधीची तयारी लवकर उरकते. म्हणून पृथ्वीच्या ५६ टक्क्यांच्या आसपास दाबाचा पर्याय नासाने गांभीर्याने विचारात घेतला आहे. त्या दाबाला पाणी ८४-८५ अंशांनाच उकळतं. म्हणजे तिथे राजमा तासभर डोळ्यांदेखत खळखळत राहील, जेवायला बसलेल्यांना तो शिजलेला वाटेल, आणि तरी तो अर्धवटच असेल. तिथे कुकर लागेलच. त्याचं वजन यादीतून खोडणारं कुणीतरी असेल, ते खोडू नका म्हणणारं कुणीतरी असेल, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटत असेल. मला त्या बैठकीपासून सुरू होणारी कथा वाचायची आहे.