ओमानच्या पाकिटाचं कौतुक पुरे

आज सकाळपासून ओमानचा तो जुना व्हिडिओ पुन्हा फिरतोय. जानेवारी 2020. सुलतान काबूस गेले, सीलबंद पाकीट उघडलं, आत हैथम बिन तारिक यांचं नाव, आणि काही तासांतच नव्या सुलतानाची शपथ. मागे करुण संगीत, खाली मजकूर : ना निवडणूक, ना भांडण, ना रक्त, शिका काहीतरी! त्याखाली आपल्याच मंडळींचे जोडलेले हात.

काय शिकायचं नेमकं? राजाने मनातलं नाव चिठ्ठीत लिहून ठेवायचं आणि पन्नास लाखांच्या आसपास लोकांनी ते टीव्हीवर बघायचं, हे?

बरं, पाकिटाआधी तिथे गादी कशी बदलली ते व्हिडिओवाल्याला माहीत आहे का? 23 जुलै 1970, दक्षिण ओमानमधल्या सलालाह शहराचा राजवाडा. सुलतान सईद बिन तैमूर आत, वाड्यात घुसलेले लोक त्यांच्याच मुलाच्या बाजूचे. मुलगा म्हणजे काबूस. सँडहर्स्टच्या ब्रिटिश लष्करी अकादमीत शिकून, ब्रिटिश पलटणीत नोकरी करून परत आला, तर बापाने त्याला सलालाहमध्येच जवळजवळ नजरकैदेत ठेवला. झटापटीत सुलतानाने पिस्तूल चालवलं, समोरच्या शेखच्या पोटात गोळी गेली आणि दुसरी सुटली ती स्वतःच्याच पायात. जखमी सुलतान म्हणाला, शरण जाईन तर ब्रिटिश अधिकाऱ्यालाच. त्याच्याच फौजेतला ब्रिटिश लेफ्टनंट कर्नल आला, मग गादी सोडल्याच्या कागदावर सही. ब्रिटिश हवाई दलाच्या विमानाने आधी बहारीन, मग इंग्लंड. देशाला बातमी कळली तीन दिवसांनी. सईद 1972 मध्ये लंडनमध्ये वारले. शेवटचा मुक्काम डॉर्चेस्टर हॉटेल.

लंडनचं म्हणणं होतं, हा ओमानचा घरगुती मामला. अहो, सुलतानाच्या फौजेचे वरचे अधिकारी ब्रिटिश, त्याचा संरक्षण सचिव ब्रिटिश, आणि मामला घरगुती! पुढे कागदपत्रं खुली झाली तेव्हा दिसलंच, लंडनला सगळं आधीपासून ठाऊक होतं.

का केलं, तेही सरळ आहे. तेलाची निर्यात 1967 ला सुरू झाली होती. दक्षिणेच्या धोफार प्रांतात बंड पेटलं होतं, दक्षिण येमेनची डावी राजवट त्याला रसद पुरवत होती. सईदच्या हातात पैसा येत होता, पण खर्चायला हात धजत नव्हता. अख्ख्या देशात शाळा तीन. 1958 नंतर त्याने स्वतःच्या राजधानीत, मस्कतमध्ये, पाऊलसुद्धा टाकलं नाही. असा माणूस बंड मोडू शकणार नाही आणि तेलही धोक्यात घालणार, हा हिशोब. मुलगा आपल्याच तालमीतला. झालं.

आणि हे काही नवीन नव्हतं. 1856 मध्ये मस्कत आणि आफ्रिकेजवळचं झांझिबार बेट या दोन्हींवर राज्य करणारे थोरले सईद बिन सुलतान गेले तेव्हा मस्कत एका मुलाकडे, झांझिबार दुसऱ्याकडे. भांडण तोडलं कुणी? आपल्याकडच्या गव्हर्नर जनरल कॅनिंगने, 1861 मध्ये. झांझिबारने मस्कतला वर्षाला 40,000 क्राउन द्यायचे असा निवाडा, आणि पुढे ती रक्कम ब्रिटिशच भरू लागले. म्हणजे मस्कतची गादी ब्रिटिशांच्या तिजोरीवर टेकलेली. काबूसचे आजोबा तैमूर बिन फैसल यांनी 1932 मध्ये गादी सोडली. कर्जाला आणि त्या लटांबराला कंटाळलेला माणूस. ते गेले 1965 मध्ये, आपल्या मुंबईत. मस्कतच्या बाजारात तर 1970 पर्यंत आपल्या रिझर्व्ह बँकेने छापलेला आखाती रुपया चालायचा. मस्कतच्या रुवी भागात नोकऱ्या करून आलेल्या किती जणांना हे माहीत आहे, देव जाणे.

असो. पाकिटाकडे येऊ.

काबूसना मूलबाळ नाही, सख्खा भाऊ नाही. 1996 च्या मूलभूत कायद्यात कलम 6 असं : गादी रिकामी झाल्यापासून तीन दिवसांत राजघराण्याच्या परिषदेने वारस ठरवायचा. एकमत झालं नाही तर सुलतानाने पत्रात नाव दिलेल्या माणसाला संरक्षण परिषदेने, म्हणजे लष्कर-पोलिसांच्या प्रमुखांच्या मंडळाने, गादीवर बसवायचं. 2011 ला सोहार या बंदराच्या शहरात लोक रस्त्यावर आले, त्यानंतर या दुसऱ्या पायरीवर दोन्ही सभागृहांचे अध्यक्ष, सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष आणि त्यांचे दोन ज्येष्ठ सहकारी वाढवले. काबूसनी 1997 च्या एका मुलाखतीत सांगितलं होतं की नावं दोन आहेत, पसंतीच्या क्रमाने, आणि पाकिटं देशाच्या दोन वेगळ्या भागांत ठेवली आहेत.

म्हणजे बघा, कायद्यात पाकीट ही पहिली पायरी नाहीच. घराण्यात जमलं नाही तर काढायची ती शेवटची चावी. 2020 मध्ये घराण्याने तीन दिवस वापरलेच नाहीत. परिषद जमली, आम्ही मयताच्या इच्छेमागे आहोत असं कळवलं, संरक्षण परिषदेने पाकीट उघडलं. चिठ्ठी चालली ती लिहिणाऱ्याच्या वजनामुळे, आणि ती उघडणाऱ्या खोलीत लष्कर-पोलिसांचे प्रमुख बसले होते म्हणून. नुसत्या कागदाने गादी मिळत असती तर सईदने तरी पिस्तूल कशाला उचललं असतं?

आणखी एक. वारस म्हणून चर्चेतली तिन्ही नावं, असद, शिहाब, हैथम, एकाच बापाची मुलं. काबूसचे चुलते तारिक बिन तैमूर यांची. त्यातल्या असद यांना 2017 मध्ये उपपंतप्रधान केलं तेव्हा तेच येणार असं बहुतेक धरून चालले होते. कुठलंही नाव निघालं असतं तरी गादी एकाच घरात जाणार होती, मग भांडायला उरलं काय! गंमत म्हणजे हे तारिक 1970 च्या उलथापालथीनंतर पंतप्रधान झाले होते. त्यांना घटनात्मक राजेशाही हवी होती. पुतण्याला नको होती. दीड वर्षाच्या आत तारिक घरी.

आता बिघडू काय शकलं असतं ते ऐका, कारण व्हिडिओत ते नाही. काबूस एकाच वेळी सुलतान, पंतप्रधान, संरक्षण, परराष्ट्र आणि अर्थ खात्याचे मंत्री, मध्यवर्ती बँकेचे प्रमुख, सरसेनापती. माणूस एक गेला की या सगळ्या खुर्च्या एका क्षणात रिकाम्या. युवराज नाही. 2014 च्या जुलैपासून 2015 च्या मार्चपर्यंत ते उपचारांसाठी जर्मनीत होते. आठ महिने देश पाकिटाच्या भरवशावर, आणि पाकीट तर मेल्यावरच उघडायचं! सुलतान जिवंत आहे पण उठू शकत नाही, या प्रसंगाला चिठ्ठीत उत्तर नव्हतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसनोंद राहिली तर भाऊबंदकी तीन पिढ्या कोर्टात जाते. इथे तर अख्खा देश, त्यात समोर होर्मुझची सामुद्रधुनी.

हो, मान्य, 2020 मध्ये गोळी चालली नाही. शेजारी सौदीत 2017 च्या जूनमध्ये युवराज मोहम्मद बिन नायेफना बाजूला सारलं आणि 2020 मध्ये अटकेत टाकलं, त्या मानाने हे सभ्यच. काबूसनी शाळा हजारावर नेल्या, इस्पितळं बांधली, 2012-13 मध्ये अमेरिका आणि इराणला मस्कतमध्ये गुपचूप बोलतं केलं. माणूस मोठा होता, हे नाकारत नाही. त्यांच्या जाण्यावर ओमानी लोक रडले ते खरं होतं.

पण ज्याचं नाव पाकिटातून निघालं त्यानेच ते पाकीट मोडीत काढलं, हे कुणी का सांगत नाही? 11 जानेवारी 2021, गादीवर बसून बरोबर वर्ष. नवा मूलभूत कायदा. गादी थोरल्या मुलाकडे, त्याच्यानंतर त्याच्या थोरल्या मुलाकडे. थोरला आधीच वारला तर त्याचा थोरला मुलगा, भाऊ असले तरी. सुलतानाला मुलगा नसेल तर थोरला भाऊ. वारस 21 वर्षांचा नसेल तर पालक परिषद. युवराज म्हणून हैथम यांचे थोरले चिरंजीव थियाझिन, जन्म 1990. त्याआधीच, 2020 च्या ऑगस्टमध्ये, हैथम यांनी परराष्ट्र आणि अर्थ खातं दुसऱ्यांकडे दिलं होतं. पाकिटाचा धोका सगळ्यात जास्त कुणाला कळला होता, तर त्याचा फायदा झालेल्या माणसाला. तुम्ही मात्र अजून पाकिटाला नमस्कार घालताय.

आणि पश्चिमेचं काय? 12 जानेवारी 2020 ला बोरिस जॉन्सन आणि युवराज चार्ल्स मस्कतमध्ये हजर. या वेळी कर्नल पाठवायची गरजच नव्हती. दुक्म बंदरात ब्रिटनचा तळ आधीच उभा, 2019 मध्ये संरक्षण करार झालेला. अमेरिकेला तर 1980 पासून मसीरा, थुमरैत अशा तळांची सोय आहे. तेल काढणाऱ्या मुख्य कंपनीत सरकार 60 टक्के, शेल 34 टक्के, बाकी किरकोळ. गादीवर तारिकचा कुठलाही मुलगा येवो, यातला एक कागद हलणार नव्हता. सईदच्या वेळी माणूस बदलल्याशिवाय कागद टिकत नव्हते, म्हणून माणूस बदलला. तेव्हाची गोळी आणि आताची शांतता, दोन्हींमागचं गणित एकच. राग येतो तो याचा, की हे सगळं सोडून आपण संगीत लावून बघतो.

रोजचं साधारण दहा लाख पिंप तेल आता ओमानला पुरत नाही. 2021 च्या एप्रिलपासून 5 टक्के व्हॅट आहे. त्याच मे महिन्यात सोहारमध्ये पोरं नोकऱ्यांसाठी पुन्हा रस्त्यावर होती. 2028 पासून वर्षाला 42,000 रियालच्या वरच्या कमाईवर 5 टक्के प्राप्तिकर, आखाती राजेशाह्यांतला पहिला. सईद आणि काबूस या दोघांनाही प्रजेकडून असा कर घ्यावा लागला नव्हता. थियाझिन गादीवर येतील तेव्हा त्यांच्या समोरचा ओमानी माणूस कर भरत असेल, आणि युवराज कुणी ठरवला हे तो विचारेल की नाही, ते नव्या कायद्यातही लिहिलेलं नाही.