मराठी क्रियापदाच्या शेपटीवरून इंग्रजी काळ ठरत नाही

फोनवर फिरणारा तो तक्ता तुमच्याकडेही आला असेल. डावीकडे मराठी क्रियापदाची शेपटी, उजवीकडे इंग्रजी काळ. 'तो-ते-तात' दिसलं की साधा वर्तमान, 'त आहे' दिसलं की आयएनजी, 'ला आहे' म्हणजे हॅव किंवा हॅज, 'ला होता' म्हणजे हॅड, 'ईल' म्हणजे विल. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: काळ एकूण १२, हे पाठ करा, इंग्रजी आपोआप येईल. नोकरी-संसार सांभाळून इंग्रजी शिकायला येणाऱ्यांना मी शिकवते. दर नव्या वर्गात कुणी ना कुणी हा तक्ता वहीत सुबक उतरवून आणतं. त्या वहीमागची मेहनत दिसते, म्हणूनच तक्त्यातल्या दाव्यांना एकेक करून उत्तर द्यावंसं वाटतं.

पहिला दावा, 'ला आहे' म्हणजे हॅव-हॅज. 'ती झोपली आहे' हे वाक्य घ्या. तक्ता सांगतो, 'शी हॅज स्लेप्ट'. इंग्रजीत त्याचा अर्थ होतो, तिची झोप झाली. म्हणजे बाळ आत झोपलंय, हळू बोला, असं सांगायला गेलात आणि ऐकणाऱ्याला वाटलं बाळ उठलं. बरोबर वाक्य 'शी इज स्लीपिंग' किंवा 'शी इज अस्लीप'. 'तो खुर्चीवर बसला आहे' म्हणजे 'ही इज सिटिंग', 'तिने निळी साडी नेसली आहे' म्हणजे 'शी इज वेअरिंग'. झोपणं, बसणं, नेसणं, उभं राहणं या क्रियापदांत मराठी आधी क्रिया पूर्ण करते आणि मग 'आहे' लावून उरलेली स्थिती दाखवते. इंग्रजी त्या स्थितीलाच चालू क्रिया मानते. मराठीतल्या 'ला आहे'ला इथे इंग्रजीत आयएनजी लागतं, तक्त्याच्या अगदी उलट.

उलट्या बाजूनेही हेच. 'तो कालच आला आहे' हे मराठीत स्वच्छ वाक्य आहे. 'ही हॅज कम येस्टरडे' मात्र इंग्रजीत चालत नाही. हॅव-हॅजचा धागा आत्ताच्या क्षणाला बांधलेला असतो, 'काल' हा वेळ संपून गेलेला. दोघं एका वाक्यात नांदत नाहीत. तिथे साधं 'ही केम येस्टरडे'.

दुसरा दावा, 'होता' आला की हॅड. मला सगळ्यात जास्त नुकसान याचंच दिसतं. 'मी काल मेल पाठवला होता' असं आपण सहज म्हणतो, कारण मराठीत त्या 'होता'ने गोष्ट जरा मागे सरकते, बस. माझ्या एका विद्यार्थिनीने साहेबांना लिहिलं, 'आय हॅड सेंट द मेल येस्टरडे.' साहेबांनी विचारलं, बरं, मग पुढे काय झालं? हॅड दिसलं की वाचणारा भूतकाळातली दुसरी घटना शोधतो, जिच्या आधी ही घडली. 'मीटिंग सुरू झाली तेव्हा मी मेल पाठवलेला होता' असं म्हणायचं असेल तर हॅड हवंच. एकटीच घटना असेल तर 'आय सेंट' पुरेसं.

तिसरा दावा, 'तो-ते' म्हणजे साधा वर्तमान. 'बरं, निघतो मी' याचं इंग्रजी 'आय लीव्ह' नाही, 'आय अ‍ॅम लीव्हिंग'. 'मी पाच वर्षांपासून इथे राहतो' याचं 'आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' नाही, 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. मागे सुरू होऊन आत्तापर्यंत पोचलेल्या गोष्टीला इंग्रजीत हॅव लागतं, मराठीत 'पासून' सगळं काम करून टाकतं. याच ठिकाणी तक्त्याची खरी अडचण उघडी पडते. 'आय हॅव बीन वर्किंग'समोर त्यात लिहिलेलं असतं, 'मी काम करत आलेलो आहे'. असं कोण बोलतं? आपण म्हणतो, 'सकाळपासून काम करतोय.' रकाना भरायचा म्हणून बनवलेलं हे मराठी कुणाच्या तोंडात नाही, मग ते ऐकून इंग्रजी वाक्य सुचणार कसं?

मराठीचेही काळ १२ आणि इंग्रजीचेही १२, हा योगायोग फसवतो. शाळेत शिकलेले मराठीचे प्रकार साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. इंग्रजीच्या तक्त्यात चौथा रकाना रीतीचा नसून पूर्ण आणि चालू यांच्या जोडीचा आहे. आपल्या 'मी रोज जात असे'ला तिथे घरच नाही, ते 'यूज्ड टू'ने सांगावं लागतं.

आणि ते १२ प्रकार १२ वेगळ्या वस्तूही नाहीत. इंग्रजी क्रियापदाच्या रूपात काळ दोनच, वर्तमान आणि भूत. जॉन वॉलिस यांनी १६५३ साली आपल्या इंग्रजी व्याकरणात हे नोंदवलं आहे. बाकीचं जोडकाम आहे. हॅवच्या पुढचं क्रियापद तिसऱ्या रूपात जातं, चालू क्रियेच्या 'बी'च्या (म्हणजे अ‍ॅम-इज-आरचं मूळ रूप) पुढच्याला आयएनजी लागतं, आणि काळ दाखवायचा तो फक्त पहिल्या शब्दाने. 'हॅव बीन वर्किंग' उलगडून बघा: हॅवमुळे बी झालं बीन, बीनमुळे वर्क झालं वर्किंग. भूतकाळ हवा? फक्त हॅवचं हॅड करा, बाकी जागचं हलत नाही. एवढं कळलं की पाठांतराचं ओझं बरंच उतरतं.

विलबद्दल थोडक्यात. 'तो येईल तेव्हा सांगेन' याचं 'व्हेन ही विल कम' होत नाही, 'व्हेन ही कम्स' होतं. आपणही 'तो आला की सांगेन' म्हणतो आणि भविष्यासाठी चक्क भूतकाळाचं रूप वापरतो. 'थांब, आलोच' म्हणणारा माणूस अजून आलेला नसतोच. तसंच इंग्रजीतलं भूतकाळी रूप नेहमी गेलेल्या काळाचं नसतं. 'इफ आय न्यू' म्हणजे मला माहीत असतं तर, आणि ती गोष्ट आत्ताची आहे.

वर्गात मी तक्ता बाजूला ठेवायला सांगते आणि एकच प्रश्न देते: 'जेवलात का?' दुपारी जेवणाच्या वेळेत विचारलं तर 'हॅव यू हॅड लंच?', कारण ती वेळ अजून चालू आहे. तेच संध्याकाळी दुपारच्या जेवणाबद्दल विचारलं तर 'डिड यू हॅव लंच?' मराठी वाक्य दोन्ही वेळा तेच, शेपटीही तीच.