कसेल त्याची जमीन, पण किती दिवस?

जमिनीची मालकी पक्की झाली की माणूस तिच्यात पैसा घालतो आणि देश वाढतो, असं एका लेखात वाचलं, ते म्हणणं पटलं. आमच्या बेळगावकडे १९७४ च्या कायद्यानं कुळं मालक झाली. आजोबांनी येळ्ळूरच्या शिवारात विहीर खणली ती त्यानंतरच. दुसऱ्याच्या रानात कोण खणेल? त्याच पिकावर काका शिकले, मराठा लाइट इन्फंट्रीत गेले. कारगिलच्या वेळी आजी दिवसभर पोस्टमनची वाट बघत उंबऱ्यावर बसायची. आता त्याच बासमतीच्या काळ्या रानात रस्त्यासाठी दगड रोवलेत. नुकसानभरपाई एकदाच मिळते, भात दरवर्षी पिकतं. हा हिशेब विकासाच्या आकड्यात कुठं धरतात? मोजणीवाले आले त्या दिवशी आई बांधावरून उठलीच नाही.