राजवाडा रात्रीही पाहावा

‘साताऱ्यात रात्री नऊनंतर पाहण्यासारखे काही उरत नाही’ हे आपल्याकडे छापून आलेल्या साताऱ्यावरील लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. लहानपणी जेवणे आटोपली की वडील आम्हां भावंडांना शहरातल्या जुन्या राजवाड्यावर नेत, आणि गांधी मैदानावरच्या गाड्यांभोवती भेळ खाणाऱ्यांची गर्दी असताना मागे ती वास्तू अंधारात उभी असे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा याच राजवाड्यातील शाळेत दाखल झाला, हे वडिलांनी मला तिथेच, हातावर कंदी पेढा ठेवत सांगितले होते.

लेखात या शाळेचा साधा उल्लेखही नाही, याचे फार वाईट वाटले. राजवाड्यावर रात्री सौम्य प्रकाशयोजना झाली, तर मैदानावरच्या खाद्यगाड्यांच्या चौपाटीवर आलेली माणसे मान वर करून त्याच्याकडे निश्चितच पाहतील.